एक मुलगी आणि सहा हजार गाढवं तांदूळ : बाबराची युसुफझाई सोयरीक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबराने १५१९ मध्ये युसुफझाई पठाणांच्या एका मलिकाची, म्हणजे टोळीतल्या प्रमुखाची, मुलगी केली. मग ६७ वर्षांनी त्याच युसुफझाईंनी अकबराची फौज का कापून काढली, बिरबल तिथे का मेला? आमेरच्या कछवाहा राजपुतांशी जुळलेल्या सोयरिकीतून साम्राज्य उभं राहतं आणि पठाणांच्या सोयरिकीतून काहीच कसं निघत नाही? शेवटी तुम्हीच एक उत्तर सुचवलंय, की पठाण शब्दाला पक्के नसतात.

ते उत्तर आधी बाजूला ठेवू या. माझ्या तीसेक वर्षांच्या मास्तरकीत ते मी दर वर्षी कुणा ना कुणाकडून ऐकलंय. त्यात एक घोटाळा आहे. शब्द मोडला असं म्हणायचं तर आधी कोणी, कोणाच्या वतीने आणि काय शब्द दिला होता हे सांगता आलं पाहिजे. तुमच्या प्रश्नात ‘युसुफझाईंनी मुलगी दिली’ असं गृहीत धरलंय. मुलगी टोळीने दिली नव्हती, शाह मन्सूर नावाच्या एका बापाने दिली होती. बाकीचा सगळा गुंता इथून सुटायला लागतो.

आता प्रसंग जवळून बघू. सुदैवाने नवऱ्यानेच तो लिहून ठेवलाय. बाबराने काबूल घेतलं १५०४ मध्ये. १५१९ च्या जानेवारीत तो बाजौरच्या (आजच्या पाकिस्तानच्या वायव्य भागातल्या) किल्ल्यावर गेला. किल्ल्यातल्या लोकांनी बंदूक पाहिली नव्हती. पहिले बार ऐकून ते हसले, चाळे करून दाखवू लागले, असं बाबर लिहितो. मग उस्ताद अली कुलीने नेम धरून माणसं पाडायला सुरुवात केली तेव्हा तटावर डोकं काढायला कोणी तयार होईना. किल्ला पडल्यावर कत्तल झाली. बाबराचा आकडा तीन हजारांच्या वर आहे आणि मुंडक्यांचा मनोरा रचल्याचंही तो सहज लिहून जातो. हे मेलेले लोक बाजौरी होते, युसुफझाई नव्हते. पण शेजारच्या स्वातमध्ये युसुफझाई नुकते पाय रोवत होते. त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं.

तेव्हा युसुफझाईंच्या वतीने वकील म्हणून बाबराकडे आलेला माणूस म्हणजे शाह मन्सूर, मलिक सुलेमान शाहचा मुलगा. रिकाम्या हाताने आला नव्हता. ‘कमाली’ नावाची नशेची मिठाई त्याने आणली होती. बाबराने एका कमालीचे तीन तुकडे केले. एक स्वतः खाल्ला, एक गदाई तगाईला दिला, एक ग्रंथपाल अब्दुल्लाला. नशा अशी चढली की संध्याकाळी सरदार मसलतीला जमले तेव्हा महाराजांना बाहेर यायचीच सोय राहिली नाही. मोहिमेच्या ऐन मध्यावर ही अवस्था! वर तो प्रामाणिकपणे नोंदवतो, की आता अख्खी कमाली खाल्ली तरी त्याच्या निम्मीही नशा येईल की नाही शंका आहे. वर्गात हा उतारा वाचला की मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा जागी होत.

याच शाह मन्सूरकडे बाबराने मुलगी मागितली होती. कारण तो आडपडदा न ठेवता सांगतो : युसुफझाई टोळीला राजी करण्यासाठी. जानेवारी संपता संपता बातमी आली, की शाह मन्सूरची मुलगी युसुफझाईंच्या खंडणीबरोबर येते आहे. मुलगी आणि खंडणी एकाच वाक्यात. मी विद्यार्थ्यांना हे वाक्य दोनदा वाचायला लावायचो. वऱ्हाड घेऊन आला तिचा काका, ताऊस खान. संध्याकाळी मद्याची बैठक झाली. झालं लग्न. इतिहास तिला बीबी मुबारिका म्हणून ओळखतो.

आता तुमच्या मनात असलेली दुसरी गोष्ट. भाकरीची दंतकथा खरी का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. इतरांसाठी सांगतो. युसुफझाईंच्या परंपरेत हे लग्न अगदी वेगळं येतं. बाबर कलंदर फकिराच्या वेशात त्यांचा मुक्काम हेरायला येतो. सणाची मेजवानी चालू असते. तंबूत बसलेल्या शाह मन्सूरच्या मुलीला तो फकीर दिसतो आणि ती भाकरीत गुंडाळून मांस पाठवते. बाबर ते खात नाही, घरामागे दोन दगडांच्या फटीत लपवून ठेवतो. काबूलला परतून मागणी घालतो. मलिक म्हणतात, आमच्याकडे लग्नाची मुलगीच नाही. तेव्हा बाबर उलट कळवतो, की घरामागच्या दगडांत बघा, भाकरी सापडेल. भाकरी सापडते आणि मलिकांची बोलती बंद होते. पुढे मुबारिका सासरी पहिल्याच भेटीत आपल्या लोकांसाठी माफी मागते आणि बाबर देतो.

मी नोकरीला लागलो त्या पहिल्या एकदोन वर्षांत ही गोष्ट वर्गात खरी म्हणूनच सांगितली होती, अगदी रंगवून. एका मुलीने विचारलं, “सर, हा माणूस खरबूज कुठलं गोड लागलं ते लिहितो, मग एवढी मोठी गंमत स्वतः का नाही लिहीत?” उत्तर नव्हतं. त्या रात्री घरी जाऊन रोजनिशीतल्या त्या जानेवारीच्या नोंदी पुन्हा काढल्या. फकीर, भाकरी, दगड, काहीच नाही. पण दंतकथा म्हणून ती फेकून द्यायचीही चूक करू नका. राजाच्या वहीत मुलगी खंडणीबरोबर येते. टोळीच्या आठवणीत ती राजावर उपकार करून, अन्नदान करून, आपल्या माणसांचे प्राण मागून घ्यायला जाते. ज्यांना मुलगी द्यावी लागली त्यांना ती कशी आठवायची होती, हे त्या भाकरीतून कळतं. दोन्ही साधनं खरी आहेत. फक्त ती वेगवेगळ्या गोष्टींची साक्ष देतात.

त्या दिलेल्या मुलीच्या घराचा मागचा हिशोबही पाहा. बाबराचा चुलता उलुग बेग मिर्झा काबूलवर राज्य करत होता तेव्हा युसुफझाई काबूलच्या आसपास राहत. परंपरा सांगते, की त्याने त्यांच्या मलिकांना मेजवानीला बोलावून कापून काढलं आणि उरलेली टोळी पेशावरच्या दिशेने निघून आली. मारल्या गेलेल्यांत मलिक सुलेमान शाह होता. म्हणजे मुबारिकाचा आजा. ज्या घराण्याने आजा मारला त्याच घराण्यात नात गेली. पठाणांत रक्ताचं वैर मिटवायला मुलगी देण्याची चाल आहे, पण तिथे देतो तो ज्याने खून केला त्याचा पक्ष. इथे उलटं झालं, ज्यांची माणसं मेली त्यांनीच मुलगी दिली. त्यामुळे या लग्नाला ‘वैर मिटलं’ असं म्हणणं मला कधीच पटलं नाही. बंदुका बघून घेतलेली ती सवलत होती.

आणि सवलत मिळालीही, हे विसरू नका. बाजौरसारखी कत्तल त्या हंगामात युसुफझाईंच्या वाट्याला आली नाही. मे महिन्याच्या अखेरीस त्यांचे मलिक काबूलला होते. बाबराने त्यांना वस्त्रं दिली आणि ठराव केला : स्वातमध्ये अबुहाच्या वरची जमीन तुमची समजायची नाही, आणि बाजौर-स्वातमध्ये शेती करणाऱ्या अफगाणांनी सहा हजार गाढवं तांदूळ सारा म्हणून द्यायचा. गाढवं म्हणजे गाढवावर लादलेली ओझी, हे सांगायला नकोच. सोयरीक झाल्यावर चारच महिन्यांत व्याह्यांमध्ये बोलणं कशावर, तर हद्द आणि तांदूळ यांवर. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बाबर पुन्हा घोड्यावर बसला तो युसुफझाईंवरच स्वारी करायची म्हणून. म्हणजे तुम्ही ६७ वर्षं मोजता आहात, लग्नाचा जोर आठ महिनेसुद्धा टिकला नव्हता. पुढचं सांगायला रोजनिशी नाही. ती १५२० च्या जानेवारीत तुटते ती थेट १५२५ च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू होते.

आता ‘का’ कडे येतो. अशी कुठलीही राजकीय सोयरीक समोर आली की मी आधी हे बघतो, की मुलगी देणाऱ्याच्या मुठीत काय होतं.

आमेरचा राजा भारमल घ्या. १५६२ मध्ये त्याने अकबराला मुलगी दिली तेव्हा तो अडचणीतच होता, घरातले दावेदार आणि मुघल सुभेदार दोन्हीकडून दाबत होते. पण त्याच्याकडे गादी होती, गढी होती, त्याच्या नावाने उभे राहणारे घोडेस्वार होते. त्याने हो म्हटलं की ते स्वार अकबराकडे येत. अकबराने बदल्यात मनसब दिली, त्याचं वतन त्याच्याकडे ठेवलं. मुलगा भगवंतदास, नातू मानसिंह, दोघेही शाही नोकरीत चढत गेले आणि मानसिंह सात हजारी मनसबदार झाला. शिवाय १५६९ मध्ये त्या लग्नातून सलीम झाला. म्हणजे गादीच्या वारसाला कछवाहा मामा मिळाला. मामा ही काय चीज असते हे मराठी वाचकाला मी काय सांगू!

शाह मन्सूरकडे यातलं काय होतं? मलिक हा राजा नसतो. तो जिरग्यात, म्हणजे टोळीच्या सभेत, बोलतो, लोक ऐकतात तोवर मलिक असतो. त्याच्या शब्दाने खेल (टोळीची शाखा) उठेल की नाही हे त्या दिवशीच्या जिरग्यावर ठरतं. त्यात शाह मन्सूर तर टोळीचा पहिला माणूसही नव्हता, तो मान त्याचा भाऊबंद मलिक अहमद याचा होता. पश्तोत चुलतभावाला ‘तरबूर’ म्हणतात आणि त्याच शब्दाला हाडवैरी अशीही छटा आहे. तरबूरवाली म्हणजे आपली भाऊबंदकी, शब्दशः. चुलत्याच्या पोराची मुलगी बादशहाच्या घरात गेली तर तुम्ही त्याच्यामागे जाल, की आता हा फार मोठा व्हायच्या आत याचे पाय ओढायला लागाल? भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला उत्तर शोधावं लागत नाही.

जमिनीचंही तसंच. राजपुताची सत्ता त्याच्या गढीला आणि गावांना बांधलेली. युसुफझाईंनी स्वात आणि आसपासचं खोरं घेतल्यावर शेख माली नावाच्या माणसाने जमिनीची वाटणी बसवली असं परंपरेत आहे, तिला ‘वेश’ म्हणतात. काही वर्षांनी चिठ्ठ्या टाकून हिस्से बदलायचे, चांगली जमीन कायम एकाकडे राहू द्यायची नाही. अख्खी गावं बाडबिस्तरा उचलून दुसऱ्या हिश्श्यावर जात. अशा समाजात बादशहा सासऱ्याला जहागीर देऊन मोठा करायला निघाला तर ती जहागीर ठेवायची कुठे? ज्या टोळीने कोणी कायमचा मोठा होऊ नये म्हणून जमीन फिरती ठेवली, ती एका सोयरिकीने कोणाला मोठा होऊ देईल असं मला वाटत नाही.

मुबारिकाला मूलही झालं नाही. सवतींनी औषध दिलं अशी कुजबूज तिच्या माहेरच्या परंपरेत आहे. ते खरं-खोटं सोडा, पण परिणाम मोठा झाला. युसुफझाई मामा असलेला एकही शहजादा मुघल घराण्यात झाला नाही. बाबराची मुलगी गुलबदन आपल्या आठवणींत तिला ‘अफगाणी आगाचा’ म्हणते. आगाचा म्हणजे मानाची बाई खरी, पण बेगम नव्हे, एक पायरी खाली. घरातलं तिचं स्थान त्या एका शब्दात कळतं. तिचा भाऊ मीर जमाल तिच्याबरोबर हिंदुस्थानात आला आणि पुढे शाही नोकरीत चढला असं सांगतात. हेच बघा ना, लग्नाचा फायदा झाला तो एका भावाला. आणि तोही डोंगर सोडून आलेल्या.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, देणाऱ्याच्या हातात टोळी नव्हती, सोयरीक जपायला जमीन नव्हती आणि सोयरीक पुढे न्यायला मूल नव्हतं. आमेरकडे हे तिन्ही होतं.

म्हणून १५८६ चं नवल वाटत नाही. १५८५ मध्ये काबूल सांभाळणारा अकबराचा सावत्र भाऊ मिर्झा हकीम वारला, अकबराने काबूल ताब्यात घेतलं आणि आपला सरदार झैन खान कोका याला बाजौर-स्वातवर पाठवलं. मागून कुमक म्हणून बिरबल आणि हकीम अबुल फतह. तिघांचं पटेना. परतीच्या वाटेवर काराकर आणि मलंदरीच्या खिंडींत वरून दगड आणि बाण आले, फौज चेंगरली, बिरबल गेला. त्याचं प्रेतही सापडलं नाही. मेलेल्यांचा आकडा त्या काळच्याच काही लेखकांनी ८,००० च्या आसपास दिलाय. यानंतर तिकडे कोणाला पाठवलं? तोडरमलला आणि मानसिंहाला. एका सोयरिकीतून उभं राहिलेलं घराणं दुसऱ्या सोयरिकीच्या टोळीवर चालून गेलं. आणखी एक योगायोग मला नेहमी खुणावतो : बाबराच्या तुर्की रोजनिशीचं फारसी भाषांतर अब्दुर्रहीम खानखानाने अकबराला सादर केलं ते १५८९ मध्ये. मुबारिकाच्या लग्नाची नोंद अकबराच्या दरबारात फारसीत वाचली गेली तेव्हा त्या बाईच्या टोळीशी लढाई चालूच होती.

मुघलांनी पुढे पठाणांना लग्नांनी नव्हे, पैशाने आणि वाटेच्या हक्काने हाताळलं. अटकेजवळच्या रस्त्याची राखण खटक नावाच्या पठाण टोळीच्या मलिक अकोडकडे दिली, जकातीचा वाटा दिला. पिढ्यान्‌पिढ्या ते चाललं. औरंगजेबाच्या वेळी त्याच घरातल्या खुशालखानाला १६६४ मध्ये कैदेत टाकलं तेव्हा ते बिघडलं. रस्त्याची जकात दर हंगामाला मिळते, सासुरवाडीचा मान एकदाच मिळतो. मलिकाला जिरग्यात दाखवायला पहिलं जास्त उपयोगी.

आता ‘पठाणांत सोयरीक चालतच नाही’ असा निष्कर्ष काढू नका, कारण परिस्थिती बदलली की तीच गोष्ट चालते. नजीब खान बघा. मूळचा युसुफझाई मुलखातला, १७४० च्या दशकात रोहिलखंडात आला, तिथला रोहिला सरदार दुंदे खान याची मुलगी केली आणि सासऱ्याने दिलेल्या परगण्यांवरून चढत चढत पानिपतापर्यंत पोचला. आपल्याला त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको. तिथे सोयरीक का चालली? कारण दुंदे खानाच्या हातात खरोखर परगणे होते, महसूल होता. डोंगर मागे राहिला होता, जिरगाही.

आणि दिशा उलटी झाली तर? १७५७ मध्ये अहमदशहा अब्दाली दिल्लीत होता. विस्तारणारं साम्राज्य आता पठाणांचं आणि मुलगी देणारा बादशहा मुघल. अब्दालीने स्वतः आधीचा बादशहा मुहम्मदशहा याची मुलगी हजरत बेगम केली, मुलगा तैमूरशहाला तेव्हाचा बादशहा दुसरा आलमगीर याची मुलगी. तैमूर लाहोरला पंजाबचा कारभारी होऊन बसला, बादशहाचा जावई म्हणून. १७५८ च्या एप्रिलमध्ये रघुनाथराव लाहोरात शिरले तेव्हा पळून गेलेला तो हाच जावई. दिल्लीचा सासरा मदतीला येण्याच्या स्थितीतच नव्हता. पुन्हा तेच, मुठीत काय होतं ते बघा.

त्यामुळे ‘शब्दाला पक्के नसतात’ याऐवजी मी म्हणेन, की शाह मन्सूरने जेवढं त्याचं होतं तेवढं दिलं. ते बाबरालाही माहीत असावं. नाहीतर मुलगी घरात आल्यावर चार महिन्यांनी हद्द आणि तांदूळ लिहून घ्यायची गरज पडली नसती.

एक राहिलं. बाबराचं प्रेत आग्र्याहून काबूलला मुबारिकाने नेलं का, असं तुम्ही विचारलं होतं. बाबर १५३० च्या डिसेंबरात आग्र्याला गेला आणि आधी तिथेच पुरला गेला, काबूलच्या बागेत नंतर हलवला, एवढं पक्कं आहे. ते काम तिने केलं हा जुन्या अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि अंदाज म्हणून तो वाईट नाही. हुमायून तेव्हा शेरशहापुढे पळत होता. पेशावरच्या वाटेने मुघल बादशहाचं प्रेत सुखरूप न्यायचं तर बरोबर युसुफझाईंची लेक असणं सोयीचंच होतं. पण परीक्षेत लिहाल तर ‘असे मानले जाते’ लिहा, नाहीतर माझ्यासारखा कोणी मास्तर गुण कापेल.